बाळाच्या दूध पावडरचा डबा फुकट दिला, हे चालतं का?

बाळ ११ दिवसांचं आहे, सिझेरियन झालं. दुसऱ्या रात्री दूध उतरेना, तेव्हा नर्सनं पावडरचा लहान डबा हातात दिला. "घ्या, कंपनीकडून फुकट आहे." आई सांगत होती, थोडा असला तरी चीकच पाज. मी घाबरून डबा उघडला. आता दूध येतंय, पण ती रात्र मनातून जात नाही. आणि कारखान्यात परत गेल्यावर कसं करायचं?

— ताई, स्वतःला दोष देऊ नका. मी २८ वर्षं बाळंतिणींच्या वॉर्डात काढली. १९९२ पासून कायदा आहे: कंपनीनं आईला फुकट नमुना द्यायचा नाही, दवाखान्यात पोस्टर नाही, डॉक्टर-नर्सला भेटवस्तू नाही. डब्यावर बाळाचं चित्रसुद्धा चालत नाही. डॉक्टरांनी गरजेपोटी वरचं दूध लिहून देणं वेगळं. तुमच्या हातात आला तो प्रचार होता, आणि तो अशा रात्रीच येतो, याचा मला फार राग आहे. डबा टाकू नका, फोटो काढून ठेवा.

— रजेचं मी सांगते. पहिल्या दोन बाळंतपणांना २६ आठवडे पगारी. नंतर बाळ १५ महिन्यांचं होईपर्यंत जेवणाच्या सुट्टीशिवाय रोज दोनदा पाजायला वेळ. ५० कामगार असतील तर पाळणाघरही हवं.

— आमच्याकडे ७० बायका आहेत, पाळणाघर नाही. सोमवारी लेखी अर्ज देते.