बक्षिसाची रक्कम आणि सभासदांचं मत

रेनिंगमध्ये, म्हणजे घोड्याकडून ठरलेल्या गिरक्या, थांबे, वर्तुळं करून घेण्याच्या स्पर्धांत, सगळा पैसा मोठे ट्रेनरच नेतात, असं म्हटलं जातं. नॅशनल रेनिंग हॉर्स असोसिएशन (NRHA) या अमेरिकी संघटनेच्या ओक्लाहोमा सिटीतल्या फ्युचुरिटी स्पर्धेपुरतं हे मला अर्धंच पटतं. तीन वर्षांच्या घोड्यांच्या या स्पर्धेत ओपन (सर्वांसाठी खुला) आणि नॉन-प्रो (व्यावसायिक नसलेल्या स्वारांचा) हे गट वेगळे असतात, शिवाय दोन्हींत लेव्हल्स आहेत. खालच्या लेव्हलचा स्वार एकाच धावेत वरच्या लेव्हललाही उतरू शकतो, प्रवेश फी मात्र प्रत्येक लेव्हलची वेगळी. आणि बक्षिसाचा मोठा भाग याच फीमधून उभा राहतो, वरून आयोजकांची भर.

गुणांकनही कडक. सुरुवात ७० पासून, प्रत्येक हालचालीला उणे दीड ते अधिक दीड. स्पिन, म्हणजे घोड्याची जागेवरची गिरकी, ठरल्या जागेच्या पुढे एक अष्टमांश फेरी गेली तरी अर्धा गुण गेलाच! एवढ्या फरकावर चेकचा आकडा बदलतो, म्हणून पंचांच्या नेमणुकीचे आणि शिस्तीचे नियम सभासदांनी डोळ्यांत तेल घालून पाहायला हवेत. १९६६ पासूनची ही संघटना शेवटी सभासदांच्या वर्गणीवर चालते. फी भरून निवडणुकीत मतच दिलं नाही, तर संचालक मंडळाकडे हिशेब कोणत्या तोंडाने मागणार?