मदत हवी आहे : 1996 ची डॉज रॅम 2500, 35 इंची टायर, मागे ट्रेलर. आधी ब्रेक, ॲक्सल की गियर?

उतारकरी

नमस्कार मंडळी. इथे जुन्या डिझेल पिकअपवाले फार नसतील, पण अमेरिकेतले दोन-चार आणि गावाकडे घाटात ट्रक चालवलेले दोन-चार नक्की सापडतील, म्हणून विचारतो.

गाडी डॉज रॅम 2500, 1996 ची, फोर बाय फोर. 5.9 लिटरचं 12 व्हॉल्व्हचं कमिन्स, पाच गियरचा मॅन्युअल एनव्ही 4500. मागचा ॲक्सल डेना 80, पुढचा डेना 60, दोन्हीकडे 3.54 चं क्राउन-पिनियन, म्हणजे चाकाच्या एका फेऱ्याला शाफ्टचे 3.54 फेरे. पुढे डिस्क, मागे ड्रम, बूस्टर (पेडलच्या जोराला मदत करणारा) व्हॅक्यूमचा. कंपनीचे टायर 245/75 आर 16 होते. आधीच्या मालकाने मागे पाटा वाढवून आणि पुढच्या स्प्रिंगा बदलून गाडी तीनेक इंच उचलली आणि 35 इंची टायर घातले. दिसते झकास, त्यात वाद नाही.

राहतो डेन्व्हरच्या उत्तरेला. उन्हाळ्यात साधारण 7,000 पौंडाचा कॅम्पिंगचा ट्रेलर लावून आय-70 ने डोंगरात जातो. दोन दुखणी आहेत.

एक, चढ. आयझेनहॉवर बोगद्याकडे चढताना 45 मैलांच्या आसपास गाडी कुठल्याच गियरात बसत नाही. चौथ्यात धापा टाकते, तिसऱ्यात किंचाळते.

दोन, उतार. बोगद्यातून बाहेर पडून सिल्व्हरथॉर्नकडे 7 टक्क्यांचा उतार आहे. गेल्या खेपेला खाली पोहोचेपर्यंत लायनर जळाल्याचा वास केबिनमध्ये आला आणि ब्रेकवर उभं राहिलं तरी गाडी आपल्याच मर्जीने थांबत होती. बायको तेव्हापासून ट्रेलरचं नाव काढू देत नाही.

गॅरेजवाल्याने सुचवलेलं : दोन्ही ॲक्सलना 4.10 चे गियर, मागे डिस्क ब्रेकचं किट. नाहीतर सरळ 2003 नंतरच्या रॅमचा डिस्कवाला मागचा ॲक्सल भंगारातून आणून बसवायचा. नुसत्या गियरचेच सव्वातीन हजार डॉलर सांगतोय. सगळं एकदम परवडणारं नाही. पैसे आधी कुठे घालू? जाणकारांनी कृपया प्रकाश टाकावा.

ग्रीसगन

आधी तीन प्रश्न. ट्रेलरचे स्वतःचे इलेक्ट्रिक ब्रेक चालू आहेत का, आणि केबिनमध्ये कंट्रोलर कुठल्या प्रकारचा आहे? त्या उतारावर पेडल कडक होतं की मऊ? मागच्या ड्रमचे ब्रेक शेवटचे कधी टाईट केले?

उतारकरी

ट्रेलरला ब्रेक आहेत, कंट्रोलर जुना आहे, ठरावीक वेळाने करंट वाढवणारा. पेडल दगडासारखं कडक होतं, खाली जात नव्हतं. ड्रम मी घेतल्यापासून उघडलेले नाहीत, ते आपोआप ॲडजस्ट होतात ना?

ग्रीसगन

होतात, कागदावर. इतक्या जुन्या गाडीत तो ॲडजस्टरचा स्क्रू गंजून जागच्या जागी बसलेला असतो. मग लायनर ड्रमपासून लांबच राहतात आणि सगळं काम पुढच्या डिस्कवर पडतं.

पेडल मऊ पडलं असतं तर ब्रेक ऑइल उकळलं असं म्हणालो असतो. कडक पेडल आणि ब्रेक नाही, म्हणजे लायनर आणि पॅड तापून पकड गेली, किंवा बूस्टर मदत करत नाही. तुमच्याकडे दोन्ही असणार, कारण तुमचा बूस्टर व्हॅक्यूमचा आहे आणि तुम्ही उतरायला सुरुवात करता 11,158 फुटांवरून. व्हॅक्यूम बूस्टर चालतो तो बाहेरच्या हवेच्या दाबावर. समुद्रसपाटीला तो दाब पाऱ्याचे 30 इंच असतो, बोगद्यापाशी 20 च्या आसपास. पंप कितीही ठणठणीत असला तरी तिथे तिसरा हिस्सा मदत मुळातच नाही. मुंबईत बसून हे कोणाच्या लक्षात येणार नाही.

यावरचा सरळ इलाज म्हणजे हायड्रोबूस्ट. 1997 पासूनच्या डिझेल रॅमला तोच आहे : पॉवर स्टीअरिंगच्या पंपाच्या तेलावर चालतो, त्याला उंचीशी देणंघेणं नाही, आणि इंजिन बंद पडलं तरी ॲक्युम्युलेटरमध्ये दोन-तीन ब्रेकपुरता दाब शिल्लक असतो. 97-98 च्या गाडीतून बूस्टर, मास्टर सिलिंडर, पाइप असा अख्खा संच घ्या. व्हॅक्यूम पंप मात्र काढू नका. स्टीअरिंगचा पंप त्याच्याच मागे बसून फिरतो, आणि पुढचा ॲक्सल जोडायलाही व्हॅक्यूम लागतो.

कोल्हापुरी_1613

वाचतोय. आमच्या घरी टाटा 1613 होती, कमिन्सवाली. जमशेदपूरला टाटा-कमिन्सने बनवलेलं 5.9 लिटरचं तेच 6बीटी घराणं, फक्त गाडी सोळा टनी आणि ब्रेक हवेचे. म्हणून इंजिनाबद्दल अधिकाराने बोलतो, बाकी तुमच्या पिकअपचं मला काही कळत नाही.

डिझेलला पेट्रोलसारखी थ्रॉटलची झडप नसते, त्यामुळे पाय काढला तरी इंजिन गाडीला फारसं धरत नाही. आंबा घाट उतरताना वडील पायातल्या ब्रेकला हात, म्हणजे पाय, शक्यतो लावायचे नाहीत. वरच गियर पाडायचा, एक्झॉस्ट ब्रेक (धुराची वाट अडवून इंजिनाला गाडी धरायला लावणारा) ओढायचा आणि निवांत उतरायचं. ज्या गियरात चढलास त्याच गियरात उतर, हे तर प्रत्येक क्लीनरला पहिल्या दिवशी ऐकवतात. तुमच्या गाडीला एक्झॉस्ट ब्रेक आहे का? नसेल तर डिस्कच्या आधी तो घ्या. मॅन्युअल गाडी आहे तुमची, सोन्याहून पिवळं.

ग्रीसगन

एक्झॉस्ट ब्रेकला +1. ऑटोमॅटिक असती तर उतारावर टॉर्क कन्व्हर्टर (इंजिन आणि गियरबॉक्समधली तेलावरची जोडणी) लॉक ठेवण्याची भानगड करावी लागली असती, मॅन्युअलला ती कटकट नाही. पण 12 व्हॉल्व्हला मूळ व्हॉल्व्ह स्प्रिंग नरम आहेत. मागचा दाब वाढला की एक्झॉस्ट व्हॉल्व्ह उचलले जातात. तेव्हा 60 पौंडी स्प्रिंग आधी घालून घ्या.

उतारकरी

एक्झॉस्ट ब्रेक नाही. बरं, ब्रेकचं समजलं. पण गियरचं काय? 4.10 घातले की चढाचा प्रश्न सुटेल ना? आणि मागचा ॲक्सलच बदलला तर ब्रेक आणि गियर एका दगडात?

ग्रीसगन

आता नावडतं बोलतो. तुमची दोन्ही दुखणी टायरांत आहेत.

कंपनीचा टायर साडेतीस इंची, तुमचा 35. म्हणजे 3.54 चा गियर रस्त्यावर 3.09 सारखा वागतोय. 45 मैलांना चौथ्यात इंजिन मिनिटाला 1,530 फेऱ्यांवर फिरतं. तुमच्या इंजिनाचा कमाल टॉर्क, 440 पाउंड-फूट, येतो 1,600 ला. त्याच्या खाली गेलात की ते रडणारच. तिसऱ्यात टाकलंत तर 2,550, म्हणजे फेऱ्यांना लगाम घालणाऱ्या गव्हर्नरच्या हद्दीत. एनव्ही 4500 मध्ये तिसरा 1.67 आणि चौथा सरळ 1, ही फट मोठी आहे आणि तुम्ही नेमके तिच्यात अडकता. मूळ टायरवर त्याच वेगाला चौथ्यात 1,755 येतात. गाडी आरामात ओढेल.

आता ब्रेक. ब्रेक चाकाला जेवढं पिळून धरतो ते तेवढंच राहतं, पण टायरचा घेर वाढला की रस्त्यापर्यंत पोहोचणारा जोर कमी होतो. 30.5 भागिले 35. तेरा टक्के ब्रेक तुम्ही नुसत्या दिसण्यापायी गमावलाय. मीटरही तेवढाच खोटं बोलतो : काटा 65 वर असतो तेव्हा तुम्ही 75 ने जात असता.

4.10 घातलेत तर? 35 इंची टायरवर ते जवळजवळ मूळ गाडीइतकेच होतात, मूळ टायरला 3.54 आणि 35 ला 4.06 हा हिशेब. सव्वातीन हजार खर्चून तुम्ही कंपनीने दिलेल्या जागी परत येणार, ते तेरा टक्के ब्रेक गेलेलेच. शिवाय डेना 80 ला 3.73 पर्यंत एक कॅरिअर (क्राउन ज्यावर बसतो तो भाग) आणि 4.10 पासून पुढे दुसरा. म्हणजे मागे नुसतं क्राउन-पिनियन नाही, कॅरिअरही नवा. पुढच्या डेना 60 ला 4.10 पर्यंत जुनाच चालतो. गॅरेजवाल्याच्या रकमेत मागचा कॅरिअर धरलाय का, विचारून बघा.

2003 नंतरचा ॲक्सल हा वेगळाच डोंगर आहे. त्यात 3.73 किंवा 4.10 येतं, 3.54 नाही. पुढे 3.54 ठेवून मागे 3.73 घातलंत आणि बर्फात फोर व्हील लावलंत तर पुढच्या-मागच्या ॲक्सलला जोर वाटणाऱ्या ट्रान्सफर केसचा चुरा होईल. म्हणजे पुढचंही बदला. एवढं करून दारावरच्या स्टिकरवरची वजनाची मर्यादा एका पौंडानेही वाढत नाही. आणि डेना 80 मध्ये मुळात कमी काय आहे?

मीटरबंद

थोडा असहमत. गियर बदलणं अगदीच वाया नाही. 4.10 ने इंजिनाची पकडही सोळा टक्के वाढते, एक्झॉस्ट ब्रेकसोबत हे उतारावर जाणवतं. ज्यांना 35 ठेवायचेच आहेत त्यांच्यासाठी तोच मार्ग. फक्त काम खात्रीच्या माणसाकडून करून घ्या. पिनियनचा प्रीलोड (बेअरिंगवरचा ताण), बॅकलॅश (दातांमधली ढील) आणि दातांवर रंग लावून घेतलेला ठसा, तिन्ही स्वतः पाहिल्याशिवाय कव्हर बंद करू देऊ नका. आणि नवीन गियरवर पहिले 500 मैल ट्रेलर नाही, मग तेल बदलायचं. माझ्या एका मित्राच्या गाडीत शिमांचा (फट भरणाऱ्या पातळ चकत्यांचा) अंदाज चुकला होता, 50 च्या पुढे डिफ्रन्शियल अक्षरशः गायचं.

ग्रीसगन

मान्य, 35 ठेवायचेच असतील तर. पण छोट्या टायरने तीच पकड फुकट मिळते.

उतारकरी, अजून एक. मागच्या ॲक्सलवर, चेसिसपासून एक दांडी खाली येऊन एका व्हॉल्व्हला जोडलेली दिसते का बघा. गाडीचं बूड खाली बसलं की तो मागच्या ब्रेकला जास्त दाब सोडतो. गाडी तीन इंच उचललेली असेल आणि दांडी तशीच ठेवली असेल, तर हौदा भरलेला असला तरी त्याला गाडी रिकामीच वाटते.

उतारकरी

काल खाली झोपून पाहिलं. व्हॉल्व्ह आहे, दांडी एका टोकाला पूर्ण ताणलेली. मागचे ड्रम काढायला हातोडा लागला. डाव्या बाजूचा ॲडजस्टर बोटाने हलत नव्हता, पान्यानेही नाही. लायनर जवळजवळ नव्यासारखे जाड, वर गंजाचा थर. म्हणजे मागच्या ब्रेकने बहुधा कामच केलेलं नाही. पुढच्या डिस्कवर निळे डाग.

टायर तसेच ठेवण्याचं खरं कारण, मुलाला 35 इंची आवडतात, हे होतं, त्याची समजूत काढतोय.

ग्रीसगन

मग काम ठरलं. मागे नवे ॲडजस्टर, स्प्रिंग आणि व्हील सिलिंडर. इथले बरेच लोक शेव्हीच्या एक टनी ट्रकचा मोठ्या बोअरचा सिलिंडर घालतात, मागचा जोर चांगला वाढतो, पण रिकाम्या गाडीत ओल्या रस्त्यावर मागची चाकं लवकर धरतात. आधी मूळ मापाचा घाला, दांडी उंचीप्रमाणे जुळवा, ट्रेलर लावून बघा. डाग पडलेल्या डिस्क बदलाच. तुमच्या सालाच्या गाडीत डिस्क हबच्या मागे असते, त्यामुळे हब उपटावा लागेल. तो गंजून नकलमध्ये (हब ज्यात बसतो त्या भागात) रुतलेला असेल, आदल्या रात्रीपासून गंज सोडवणारं तेल मारत राहा. ट्रेलरचा कंट्रोलर गाडीच्या मंदावण्याप्रमाणे करंट देणारा घ्या, आणि ट्रेलरच्या ड्रममधले मॅग्नेट झिजलेत का तेही बघून टाका.

कोल्हापुरी_1613

लायनर जाड आणि गंजलेले, हे वाचून वडील हसले. म्हणाले, त्या माणसाला सांग, ब्रेक मारून झाल्यावर उतरून चारही ब्रेकना हात लावायचा. गार असेल तो काम करत नाही.

उतारकरी

काकांना नमस्कार सांगा. तुमच्या पिढीला इन्फ्रारेड थर्मामीटर लागत नव्हता, मी एक मागवलाय.

265/75 आर 16 चे टायर ठरवले, मूळपेक्षा इंचभर मोठे, मुलाशी तडजोड. गियर राहू दे. एक्झॉस्ट ब्रेक आणि स्प्रिंग पुढच्या पगारानंतर. आता एकच विचारायचंय : कोलोरॅडो किंवा युटाहमध्ये कोणाला 97-98 च्या डिझेल रॅमचा हायड्रोबूस्ट मास्टर सिलिंडर आणि पाइपांसकट भंगारात दिसला तर इथे कळवाल का? आणि तो बसवताना स्टीअरिंगच्या तेलाची परतीची लाइन टाकीला वेगळी जोडायची की टी लावून चालतं?

ग्रीसगन

वेगळी. टी लावून अनेकांचं चालतं, पण स्टीअरिंग फिरवत ब्रेक मारलात की परतीच्या लाइनमध्ये दाब चढून पेडल सुटायला वेळ लागतो. बसवल्यावर पुढची चाकं उचलून, इंजिन बंद ठेवून स्टीअरिंग या टोकापासून त्या टोकापर्यंत फिरवा, तेल पाहत राहा, हवा निघाली की मगच स्टार्ट करा.