मदत हवी आहे : जुन्या तिबेटी योद्ध्यांची चिलखतं

७ व्या ते ९ व्या शतकातल्या तिबेटी साम्राज्याच्या सैनिकाचं चित्र काढतोय आणि चिलखतापाशी अडलोय. जाणकारांनी कृपया मदत करा.

थांग राजघराण्याच्या काळातले चिनी लेखक सांगतात की तिबेटी सैनिक आणि त्यांचे घोडेही एकमेकांत गुंफलेल्या कड्यांच्या चिलखतात असत, फक्त डोळे तेवढे उघडे. कडवी धनुष्यं आणि धारदार तलवारीही त्यापुढे फारशा चालत नसत म्हणे! पण पुरातत्त्वज्ञ ऑरेल स्टाइनला मीरानच्या (आजच्या चीनच्या शिनज्यांगमधल्या) तिबेटी किल्ल्यात सापडल्या त्या चिलखताच्या चामड्याच्या पट्ट्या. त्यांवर लाल-काळ्या लॅकरचे (चकचकीत रोगणाचे) थर आणि ते खरवडून काढलेली नक्षी. फार देखणं काम आहे. वादीने ओवायची भोकंही स्पष्ट दिसतात.

मग कड्यांचं चिलखत फक्त सरदार आणि घोडेस्वारांचं, आणि पट्ट्यांचं पायदळाचं, असं होतं का? की एकावर एक दोन्ही घालत? ओवलेल्या लोखंडी पट्ट्यांची जी चिलखतं आज संग्रहालयांत दिसतात, ती बहुतेक बरीच नंतरची, म्हणून त्यांवरून चित्र काढायला मन धजत नाही.

घोड्याच्या चिलखताबद्दल काही माहिती असेल तर तीही हवीच आहे. त्या काळातली भित्तिचित्रं कुणी बारकाईने पाहिली असतील तर जरूर लिहा.