टॉनिकचा खरा अनुभव सांगितला म्हणून चॅनलवर कॉपीराइट स्ट्राइक आलाय, काय करू?

बागायतदार_तासगाव
नमस्कार मंडळी. माझं द्राक्षबागेचं छोटं यूट्यूब चॅनल आहे, छाटणीपासून डिपिंगपर्यंत (घड औषधात बुडवणं) प्लॉटमध्ये जे करतो तेच दाखवतो. यंदा ऑक्टोबर छाटणीनंतर आमच्या भागात बऱ्याच जणांनी एक टॉनिक मारलं, घड जिरत (गळून वाया जात) नाहीत आणि कुठल्याबी औषधाबरोबर चालतं असं कंपनीचं सांगणं. आमच्याकडं पानं कडंनं करपली, शेजारच्या प्लॉटमध्ये पण तेच. मग मी व्हिडिओ केला, बाटली दाखवली, लेबल वाचलं, त्यांच्या जाहिरातीतला "कशाबरोबरही चालतं" एवढाच तुकडा लावला आणि लगेच पुढं माझी पानं दाखवली. कुणाला शिवी नाही की आरोप नाही, जे झालं तेच सांगितलं. व्हिडिओ व्हॉट्सअॅपवर लई फिरला आणि एक दिवस बघतो तर काढून टाकलेला, कंपनीनं कॉपीराइटची तक्रार केलीय म्हणून. वर त्यांच्या माणसाचा फोन, म्हणे या प्रॉडक्टवर परत बोलणार नाही असं लिहून द्या, स्ट्राइक मागं घेतो. पानं माझी, शेत माझं, कॅमेरा माझा, मग कॉपीराइट त्यांचा कुठनं आला? कुणाला माहिती असंल तर सांगा, झोप लागंना झालीय.

मिरजकर_एडिटर
दादा, पहिल्यांदा काही लिहून देऊ नका. मी चॅनलवाल्यांची एडिटिंगची कामं करतो, ही तऱ्हा आता सगळीकडं दिसते. बदनामीची तक्रार केली तर यूट्यूब कोर्टाचा कागद मागतं किंवा खोटं काय आहे ते दाखवायला लावतं, आणि तुमची पानं तर खरंच करपलीत, तिथं कंपनीचं काही चालत नाही. कॉपीराइटला मात्र फॉर्म भरला की काम झालं. हे सगळं अमेरिकेच्या १९९८ च्या डीएमसीए या ऑनलाइन कॉपीराइटच्या कायद्यावर चालतं, तक्रार आल्यावर व्हिडिओ लगेच काढला तर यूट्यूबवर जबाबदारी येत नाही, म्हणून ते आधी काढतात आणि मग विचार करतात.

आता ईमेल नीट बघा, कंटेंट आयडीचा क्लेम (यूट्यूबच्या यंत्रणेनं आपोआप पकडलेला) आहे का स्ट्राइक (तक्रारीवरून चॅनलवर लागलेला ठपका) आहे, दोन्हींचे रस्ते वेगळे. स्ट्राइक असंल तर तो ९० दिवस राहतो, यूट्यूबचा कॉपीराइटचा छोटा कोर्स पण करावा लागतो, आणि तेवढ्यात तीन झाले तर चॅनलच जातं. यावर काउंटर नोटिफिकेशन, म्हणजे तक्रार चुकीची आहे असं लेखी उत्तर, टाकता येतं. ते टाकल्यावर कंपनीला कामाचे १० दिवस मिळतात, तेवढ्यात कोर्टात केस केल्याचा पुरावा दिला नाही तर व्हिडिओ परत येतो. पण त्यात खरं नाव आणि पत्ता द्यावा लागतो आणि तो कंपनीला जातो, त्यामुळं वकिलाकडून टाकलेलं बरं. आणि एक, व्हिडिओत मागं सिनेमाचं गाणं वगैरे लावलं नाही ना? तसलं असंल तर तुमची बाजू नाहक कच्ची पडते.

बागायतदार_तासगाव
गाणं बिणं नाही, मागं ट्रॅक्टरचाच आवाज आहे. स्ट्राइकच आहे.

सांगली_कोर्टवाले
वकिली करतो म्हणून थोडं सविस्तर लिहितो. आपल्या १९५७ च्या कॉपीराइट कायद्यात कलम ५२ आहे, त्यात टीका किंवा परीक्षण करण्यासाठी एखाद्या कलाकृतीचा वाजवी वापर चालतो असं स्पष्ट म्हटलंय. तुम्ही जाहिरातीतला दावा दाखवून त्याच दाव्याला उत्तर दिलंय, म्हणजे ही त्या जाहिरातीवरचीच टीका झाली, यापेक्षा सरळ उदाहरण मिळणं अवघड. तुकडा जेवढा लहान तेवढं चांगलं, अख्खी जाहिरात लावली असती तर मी एवढ्या खात्रीनं बोललो नसतो. लेबलवरच्या चित्राला कॉपीराइट असू शकतो हे खरं, पण व्हिडिओचा मुख्य विषय तुमची बाग आहे आणि लेबल ओघात दिसतंय, त्यालाही त्याच कलमात जागा आहे. करपलेल्या पानांवर कंपनीचा हक्क सांगणारा कायदा अजून झालेला नाही.

आपल्या कायद्यात तक्रारदारानं कोर्टाचा आदेश आणला नाही तर २१ दिवसांनी मजकूर परत खुला करायची पण तरतूद आहे. आणि कलम ६० बघा, बिनबुडाची कॉपीराइटची धमकी देणाऱ्याविरुद्ध तुम्हालाच कोर्टात जाऊन मनाई आणि नुकसानभरपाई मागता येते. हे फार कमी लोकांना माहीत असतं.

एप्रिल २०२५ मध्ये दिल्ली हायकोर्टात प्रोटीन पावडरच्या एका कंपनीचं प्रकरण होतं, यूट्यूबवाल्यांनी लॅबचे रिपोर्ट दाखवून टीका केली म्हणून. तिथं मुद्दा बदनामी आणि ट्रेडमार्कचा होता, कॉपीराइटचा नाही, पण कोर्टानं व्हिडिओंवर अंतरिम मनाई द्यायला नकार दिला. तिथं लॅबचे रिपोर्ट कामी आले. तुमच्याकडं बिल, बॅच नंबर आणि बाटली आहे का? फोन परत आला तर उचला, पण नंतर "तुम्ही असं असं म्हणालात" म्हणून त्यांना मेल करून ठेवा.

पलूस_कृषीसेवा
मी दुकानदार आहे, दुसरी बाजू पण सांगतो, राग मानू नका. पानं करपायला टॉनिकच कारण असंल असं नाही, त्याच टाकीत गंधक किंवा तांब्याचं औषध मिसळलं, किंवा भर दुपारी फवारलं तरी असंच होतं. टाकीत काय काय होतं ते व्हिडिओत सांगितलं होतं का? पण कंपनीनं जे केलं ते मला अजिबात पटलेलं नाही. त्यांचा माल चांगला असंल तर माणूस प्लॉटवर पाठवायचा, पानं तपासायची आणि लोकांसमोर सांगायचं काय चुकलं ते. दुकानात शेतकरी मलाच विचारतो भाऊ चालंल का हे, आणि मी काय सांगू, टीका करणाऱ्याचं तोंड बंद केलंय म्हणून सांगू?

बागायतदार_तासगाव
टाकीत टॉनिक आणि एक बुरशीनाशक होतं, दोन्हींची नावं व्हिडिओत घेतलीत. त्यांची जाहिरातच म्हणते कशाबरोबरही चालतं, म्हणून तर तो तुकडा लावला. बिल आणि बाटली आहे.

विश्रामबाग_इंजिनिअरिंग
अमेरिकेत अगदी असंच झालेलं. डिबोल्ड नावाची मतदान यंत्रं बनवणारी कंपनी, २००३ मध्ये त्यांचे आतले ईमेल बाहेर आले ज्यात यंत्रांमधल्या चुकांबद्दल लिहिलेलं, कॉलेजच्या पोरांनी ते वेबसाइटवर टाकले तर कंपनीनं कॉपीराइटच्या नोटिसा सोडल्या. पोरं कोर्टात गेली. २००४ मध्ये कोर्ट म्हणालं की चुकांची चर्चा करणाऱ्या त्या ईमेलवर हा दावा टिकणारा नाही हे कंपनीला कळायला हवं होतं, आणि शेवटी कंपनीनं सव्वा लाख डॉलर भरले. मला हे वाचल्यापासून वाटतं की असल्या नोटिसा जिंकायसाठी नसतातच, वेळ खायसाठी असतात.

कवठेमहांकाळ_ताई
वेळेचंच बोलायचं होतं मला. छाटणीनंतरचे हेच दिवस महत्त्वाचे असतात आणि फवारण्या पण याच दिवसांत. व्हिडिओ दोन-तीन आठवडे बंद राहिला तरी कंपनीचं काम झालं, तेवढ्यात माल खपतोय आणि नंतर व्हिडिओ परत आला तर तो बघून कुणाची बाग वाचणार आहे? आमच्या बचत गटातल्या बायकांनी ते टॉनिक आणलं होतं, तुमचा व्हिडिओ बघून दोघींनी थांबवलं. म्हणून म्हणते भाऊ, काउंटर टाकाच, पण तोवर गप्प बसू नका. जाहिरातीचा तुकडा काढून नुसती तुमची पानं, तुमचा आवाज आणि तारखा असा नवा व्हिडिओ टाका, त्यावर ते काय कॉपीराइट लावणार? आणि तालुका कृषी अधिकाऱ्याकडं लेखी तक्रार देऊन पानं वाळायच्या आत पंचनामा करून घ्या, नंतर कुणी येऊन बघितलं तर काही दिसत नाही.

सांगली_कोर्टवाले
ताईंचं बरोबर आहे, पंचनामा आधी करा. जिल्हा ग्राहक आयोगात पण जाता येतं, बियाणं घेणारा शेतकरी ग्राहक असतो हे सुप्रीम कोर्टानं २०१२ मध्ये सांगितलंय, तोच युक्तिवाद इथं पण करता येईल. नवा व्हिडिओ मात्र टाकायच्या आधी मला किंवा कुठल्याही वकिलाला दाखवा, कारण अजून दोन स्ट्राइक आले तर चॅनल जाईल. त्यात "माझ्या बागेत असं झालं" एवढंच म्हणा, "कंपनी फसवते" असं म्हणू नका.

बागायतदार_तासगाव
सगळ्यांचे आभार. लिहून देणार नाही हे पक्कं. तक्रार अर्ज उद्याच देतो, शेजारचे दोघं पण सही करायला तयार झालेत. काउंटर वकिलामार्फतच टाकतो, कोर्टवाले साहेब, तुम्हाला इथंच मेसेज टाकलाय, बघा जरा.