मुलीच्या पोटगीत आईचा पगार का मोजायचा?

चारुलता : मावसबहिणीचा घटस्फोट झालाय. मुलगी सातवीत, आईपाशी राहते. बहीण बँकेत आहे. कोर्टात समोरून पहिला मुद्दा आला तो तिच्या सॅलरी स्लिपचा: आई कमावते, मग वडिलांवर एवढा बोजा कशाला? मला हे अजिबात पटत नाही. सकाळचा डबा, व्हॅन चुकली की धावपळ, ताप आला की रजा, सगळं तिच्याच वाट्याला. पैशाचा भार तरी वडिलांनी पूर्ण उचलावा.

समीर_नाशिक : ताई, कळकळ समजते, पण मूल दोघांचं आहे. 2000 साली सुप्रीम कोर्टाने हेच सांगितलं. दोघं नोकरीत, तर खर्चही दोघांचा. त्या खटल्यात वडिलांचा पगार आईच्या जवळपास दुप्पट होता, म्हणून मुलांचा खर्च 2:1 असा वाटला. मी स्वतः पोटगी भरतो, नियमित भरतो. पण आईची मिळकत शून्य धरणं अन्याय आहे.

चारुलता : मग 2020 चा निकालही बघा, नागपूरच्या कौटुंबिक न्यायालयातून सुप्रीम कोर्टापर्यंत गेलेला. शिक्षणाचा खर्च एरवी वडिलांनीच करायचा, आई पुरेसं कमावत असेल तर प्रमाणात वाटता येईल, असं त्यात आहे. म्हणजे वाटणी हा अपवाद झाला.

समीर_नाशिक : बँकेतला पगार पुरेसा नाही, तर कुणाचा पुरेसा?

वकील_मृणाल : कौटुंबिक कोर्टातच काम करते म्हणून सांगते. प्रमाण ठरवायला खरे आकडे लागतात आणि तिथेच घोडं पेंड खातं. नोकरदाराचा पगार फॉर्म 16 वर दिसतो. धंदेवाल्याचं रिटर्न मात्र तुटपुंजं, फ्लॅट आईच्या नावावर, गाडी फर्मच्या. नोकरदारही सोसायटीचं कर्ज काढतात, जादा पीएफ कापून घेतात आणि हातात येणारा पगार कमी दाखवतात. त्या 2020 च्या निकालानेच दोन्ही बाजूंना मालमत्ता आणि देण्यांचं प्रतिज्ञापत्र सक्तीचं केलं, पोटगीही अर्जाच्या तारखेपासून धरायला सांगितली. माझं मत: आईचा पगार जरूर मोजा, पण घरभाड्यातला मुलीचा वाटा आणि आईच्या बुडालेल्या रजाही मोजा. लोक ऊठसूट नवऱ्याच्या पगाराच्या 25 टक्के सांगतात, तो सुप्रीम कोर्टाच्या 2017 च्या निकालातला आकडा पत्नीच्या पोटगीचा आहे, मुलांच्या खर्चाला तसाच लावता येत नाही.

समीर_नाशिक : घरभाडं मान्य. रजा नाही. माझी मुलगी पहिल्या-तिसऱ्या शनिवारी भेटते, जास्त वेळ मागूनही मिळत नाही. जी जबाबदारी मला घेऊच दिली नाही, तिची किंमत माझ्याकडून कशी वसूल करता?

चारुलता : समीर, तुमचं दुःख खरं आहे. भेटी वाढवायचा अर्ज जरूर करा, माझा पाठिंबाच आहे. पण त्याचा निकाल लागेपर्यंत जून उजाडतो, शाळेचा मेसेज येतो आणि तेव्हा फी भरणारी एकटी आईच असते.