मदत हवी आहे : लॅपटॉपची बॅटरी दोन तासात झोपते

घाटावरचा_बाळ्या
लोक्स, अर्जंट आहे. गावाला आलोय, इथे दुपारची लाईट नसते आणि लॅपटॉप दोन तासात मान टाकतो, ऑफिसचा कॉल अर्धवट राहतो. ब्राइटनेस कमी केलाय, ब्लूटूथ बंद, कीबोर्डचे दिवे पण बंद. अजून काय बंद करू?

तर्रीवाली
मॉडेल? विंडोज का लिनक्स? बॅटरी किती जुनी?

झिरो_माईल
विंडोजच असणार. पॉवरसीएफजी कमांडने बॅटरी रिपोर्ट काढ. फुल चार्ज कपॅसिटी डिझाईनच्या (नवीन असतानाच्या) निम्मी असेल तर नवीन बॅटरी घे, सेटिंगशी खेळत बसू नको.

घाटावरचा_बाळ्या
उबुंटू लिनक्स आहे हो. बॅटरी ठीक आहे, ५० वॅट-अवरपैकी ४६ दाखवते.

वायरमन
टीएलपी हे बॅटरी वाचवणारं सॉफ्टवेअर टाक आणि विसरून जा. मी कित्येक वर्षं वापरतोय.

तर्रीवाली
@वायरमन उबुंटूत त्याच कामाचा पॉवर प्रोफाइल्स डीमन आधीच असतो, वर टीएलपी टाकलं की दोघं एकमेकांच्या सेटिंग फिरवत बसतात. एकच ठेवायचं. आणि आधी मोजा तरी! बाळ्या, चार्जर काढून पॉवरटॉप (वीज मोजणारं टूल) चालव, काही न करता किती वॅट खातोय ते सांग.

वायरमन
माझ्याकडे काही फिरत नाही.

निवृत्त_मास्तर
लॅपटॉप कायम चार्जिंगला ठेवणाऱ्यांनी ८० टक्क्यांची मर्यादा लावावी, बॅटरी जास्त वर्षं टिकते.

झिरो_माईल
मास्तर, त्याच्याकडे लाईटच नाहीये 😂

घाटावरचा_बाळ्या
२३ वॅट. नुसता डेस्कटॉप उघडा.

तर्रीवाली
मग ४६ भागिले २३, झाले की तुझे दोन तास. इतके वॅट नुसत्या स्क्रीनला लागत नाहीत, आत एनव्हीडियाचं ग्राफिक्स कार्ड आहे ना?

घाटावरचा_बाळ्या
हो, १६५०. गेम तर खेळतच नाही मी.

तर्रीवाली
हे पहिल्या पोस्टमधे लिहायचं रे!! तू खेळ नाहीतर नको खेळू, ते जागंच आहे. प्राइम-सिलेक्ट कमांडने इंटेलच्या ग्राफिक्सवर टाक, रीस्टार्ट कर.

कोकणचा_फणस
मॅक घ्या, कटकट संपली.

वायरमन
पैसे तुम्ही देताय का?

घाटावरचा_बाळ्या
९ वॅटवर आलं!! पण आता एचडीएमआयला लावलेला मॉनिटर काळा पडलाय, हे काय नवीन?

तर्रीवाली
बऱ्याच गेमिंग लॅपटॉपात तो पोर्ट थेट एनव्हीडियालाच जोडलेला असतो. मॉनिटर हवा असेल तेव्हा ऑन-डिमांड मोड (एनव्हीडिया गरजेपुरतंच) लाव. आणि लाईट नसताना मॉनिटर कशावर चालवणारेस?

निवृत्त_मास्तर
इन्व्हर्टरची बॅटरी ट्यूब्युलर घ्यावी की लिथियम? कोणी वापरतंय का?