विषय : खानापूरच्या लॅपटॉपवर फोन दिसत नाही

मंडळाच्या सर्व सभासदांस सप्रेम नमस्कार.

स्मरणिकेसाठी आजोबांच्या मोडीतील पत्रांची छायाचित्रे बाबांनी खानापूरच्या घरी आपल्या अँड्रॉइड फोनवर काढून ठेवली आहेत. व्हॉट्सअ‍ॅपवरून ती माझ्यापर्यंत पोहोचतात, परंतु मोठी करून पाहताच अक्षरांच्या कडा फुटतात, आणि मंडळात मोडी वाचणाऱ्या मावशींनी अशा प्रतींवरून वाचन करण्यास स्पष्ट नकार दिला आहे. म्हणून मूळ फाइली लॅपटॉपवर उतरवून घेण्याचे ठरले. मात्र वायर जोडली की फोन चार्ज होऊ लागतो आणि लॅपटॉपवर त्याचा मागमूसही दिसत नाही. हा लॅपटॉप मी येथे, जर्मनीत, जुना विकत घेऊन गेल्या सुट्टीत बाबांना नेऊन दिला होता. तिकडच्या एका दुकानदाराने विंडोज नव्याने टाकण्याचा सल्ला दिला आहे. तसे करावे काय?

आपला नम्र,
एक सभासद, श्टुटगार्ट

*

सप्रेम नमस्कार.

विंडोज नव्याने टाकण्याची घाई कृपया करू नये. या तक्रारीत दोष बहुतेक वेळा वायरीत किंवा फोनच्या एका सेटिंगमध्ये निघतो, आणि वायर जोडल्याच्या क्षणी काय घडते याकडे नीट लक्ष दिले तर तो दोहोंपैकी कोठे आहे हे सहसा कळते.

साध्या यूएसबी वायरीत चार तारा असतात : दोन विजेच्या, दोन माहितीच्या. केवळ चार्जिंगसाठी बनवलेल्या स्वस्त वायरींत माहितीच्या तारा मुळातच नसतात, आणि येथे बेळगावात खडेबाजारातून घेतलेली अशी वायर बाहेरून पाहता चांगल्या वायरीहून वेगळी ओळखू येत नाही. वायर खोचताच लॅपटॉपने आवाज दिला, तर माहितीच्या तारा शाबूत आहेत असे समजावे. आवाज आला नाही, तर फोनबरोबर मिळालेली वायर मधल्या हबशिवाय थेट लॅपटॉपला लावावी आणि फोनच्या पोर्टात विजेरीचा उजेड पाडून पाहावे. खिशातील धागे आणि तुमच्या खानापूरची तांबडी धूळ तेथे इतकी घट्ट बसते की वायर पूर्ण आत जातच नाही. फोन बंद करून लाकडी काडीने ती हलकेच काढावी; सुई किंवा टाचणी वापरू नये.

आवाज येऊनही फोन दिसत नसेल, तर पुढची जागा फोनच्या पडद्यावर आहे. २०१५ मध्ये आलेल्या अँड्रॉइड ६ पासून वायर जोडल्यावर फोन आपणहून फक्त चार्जिंग करतो. फाइली दाखवण्याची परवानगी मालकाने द्यावी लागते. बाबांनी फोनचे लॉक उघडावे, वरून सूचनांची पट्टी खाली ओढावी, यूएसबीच्या सूचनेवर बोट ठेवावे आणि फाइल ट्रान्सफर निवडावे. फोनची भाषा कन्नड असली तरी ती सूचना त्याच पट्टीत सापडेल.

एवढे करूनही काही घडले नाही, तर लॅपटॉप युरोपातून आला आहे ही आपण सहज नमूद केलेली गोष्ट मला महत्त्वाची वाटते. युरोपीय आयोगाच्या २००४ मधील निर्णयानंतर मायक्रोसॉफ्टला विंडोजची एक निराळी आवृत्ती तेथे विकावी लागली. तिच्या नावापुढे एन हे अक्षर असते, आणि माध्यमांशी संबंधित भागांबरोबरच फोनशी फाइलींची देवघेव करणारा भागही तिच्यात नसतो. सेटिंग्जमध्ये सिस्टिम, त्यात अबाउट उघडून नाव वाचावे. एन आढळल्यास ऑप्शनल फीचर्समधून मीडिया फीचर पॅक हा मायक्रोसॉफ्टचाच विनामूल्य भाग घालून लॅपटॉप पुन्हा सुरू करावा. ड्रायव्हर म्हणून मिळेल ते कोठूनही उतरवून घेणे मात्र कटाक्षाने टाळावे.

टिळकवाडीहून,
आपला स्नेहांकित,
मंडळाचा एक जुना सभासद

*

काका, सादर नमस्कार.

बाबांनी फोनवरून वाचून दाखवलेले नाव विंडोज ११ प्रो एन असे आहे. त्यापूर्वी वायर बदलून पाहिली होती, आवाज येत होता आणि फाइल ट्रान्सफरही निवडले होते. आपण सांगितलेला भाग घातल्यावर फोन दिसू लागला आहे. आता छायाचित्रे निम्म्यावर येऊन थांबतात.

*

सप्रेम नमस्कार.

या पद्धतीत फोन एका वेळी एकच काम करतो, म्हणून सगळे फोल्डर एकदम न उचलता डीसीआयएममधील कॅमेरा फोल्डरातून थोडी थोडी छायाचित्रे घ्यावीत आणि तोवर फोनचा पडदा बंद होऊ देऊ नये. लॅपटॉपवर प्रत्येक पत्र उघडून पाहिल्याशिवाय फोनमधील प्रत पुसू नये. मावशींना तातडीने हवी असलेली एकदोन पत्रे व्हॉट्सअ‍ॅपवरूनच, पण फोटो म्हणून न पाठवता डॉक्युमेंट म्हणून पाठवावीत. तशी पाठवल्यास मूळ फाइल जशीच्या तशी जाते.